लाटांचं वेळापत्रक

१६ फेब्रुवारी

मोहिनीचा फोन. म्हणाली, "आप्पा, आमचा सीझन एप्रिलअखेर संपतो. मे महिन्यात घरी येते." हे एक वाक्य ऐकायला दोन वर्षं कान टवकारून बसलो होतो, आणि नेमकं तेव्हाच लंकाबाईने मिक्सर लावला.

मोहिनी आमची एकुलती एक. श्रीलंकेत वेलिगामा नावाच्या गावी लोकांना योगासनं शिकवते. तिथं एक सर्फिंगची शाळा आहे. सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत किनाऱ्याला येणं. आमच्या राजुरीत याला 'पाण्यावरची घसरगुंडी' म्हणतात. दिवसभर घसरून ज्यांचं अंग आंबतं, त्यांचं अंग मोहिनी मोकळं करून देते. बायकोचं नाव लंकाबाई आणि मुलगी लंकेत, यावर विनोद केला नाही असा एकही शहाणा आमच्या गावात उरलेला नाही. मी त्यात भर घालत नाही. मला दोन वेळा जेवायचं असतं.

आता मे महिन्याचा बेत. बोरी बुद्रुकच्या भगवंतरावांचा मुलगा अमृत, चाकणला कंपनीत आहे. माझा जुना कंडक्टर मित्र जानकू याने स्थळ आणलं. बोरी इथून इतकी जवळ, की किटलीतला चहा नेला तर पोचेपर्यंत वाफ जाणार नाही. मोहिनी आली की बघण्याचा कार्यक्रम, आणि मग पोरगी कायमची नजरेसमोर. मला दुसरं काही नको.

लंकाबाई एवढंच म्हणाली, "पोरीला इचारलं का?"

"आल्यावर विचारू की."

ती उठून भांडी घासायला गेली. म्हणजे तिची संमती आहे.

२३ फेब्रुवारी

तीस वर्षं एसटीच्या नारायणगाव आगारात वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कुठली, कधी सुटते, कधी पोचते, हे ठाऊक असल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मग मुलगी ज्या सीझनवर अवलंबून आहे तो सीझन काय भानगड आहे, ते बघायला नको? आठवडाभर मोबाईलवर अभ्यास केला. तो असा:

बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला, म्हणजे वेलिगामाकडे, नोव्हेंबर ते एप्रिल लाटा चांगल्या. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा लाट गुळगुळीत आणि शिस्तीची. दुपारनंतर वारा फिरतो आणि सगळी लाट विस्कटते. नवख्याने वेलिगामातच शिकावं, खाली वाळू आहे. खडकाळ जागी जाऊ नये, खडकाला चिकटलेल्या समुद्री जीवांचे काटे पायात भरतात. मे महिन्यात पावसाचा वारा सुरू झाला की दक्षिणेचा कारभार आटोपला.

हे सगळं चावडीजवळच्या टपरीवर सांगितलं. लोक ऐकून घेतात. चांगदेवनाना, आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले, म्हणाले, "दादाभाऊ, येष्टीतनं सुटलास अन् समुद्रात पडलास व्हय रं!"

६ मार्च

व्हिडिओ कॉलवर मोहिनीच्या शेजारी एक काळासावळा, दात पांढरेशुभ्र असलेला मुलगा होता. नाव कसुन. तिथला सर्फिंगचा मास्तर. मला पाहून हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार आप्पा, लई भारी!"

मी उडालोच. मोहिनी तिथल्या सगळ्या स्टाफला मराठी शिकवत असावी. पोरीला भाषेचा अभिमान आहे, माझ्यावर गेली.

मी त्याला समुद्रात काय काळजी घ्यावी ते विचारलं. टीव्हीवर शिकलेल्या हिंदीत त्याने फार कामाची गोष्ट सांगितली. कधी कधी किनाऱ्यावरून आत जाणारा पाण्याचा ओढा माणसाला खेचून नेतो. अशा वेळी घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारायचे नाहीत. माणूस दमतो आणि बुडतो. अंग सैल सोडायचं, ओढ्याला आडवं पोहायचं, पाणी आपोआप मोकळं करतं.

मी म्हटलं, "वा! आमच्या मोहिनीवर लक्ष ठेव हो."

तो म्हणाला, "ठेवतोच आप्पा. रोज."

कामसू मुलगा आहे.

२० मार्च

घात झाला. या बेटाला दुसरी बाजूही आहे!

दक्षिणेकडचा सीझन संपला की पूर्वेकडे अरुगम बे नावाच्या ठिकाणी सुरू होतो, आणि तो थेट सप्टेंबरपर्यंत चालतो. मोहिनीची अख्खी शाळा फळ्यांसकट जूनमध्ये तिकडे जाते. म्हणजे या गाडीला विश्रांतीच नाही, या फलाटावरून सुटली की त्या फलाटाला लागते. मोकळा महिना काय तो मे. त्यानंतर ऑक्टोबरात थोडी फट.

याचा अर्थ बघणं, पसंती, सुपारी, सगळं मे महिन्यातच उरकलं पाहिजे. नाहीतर पोरगी परत पाण्यात. लंकाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं पाण्याचं कळतंय तुमाला, पोरीचं कळंल तवा खरं." बायकांना भूगोल समजत नाही.

त्यात पान खावं म्हटलं तर तोही मार्ग बंद. दातांच्या डॉक्टरने काहीतरी सांगितलं आणि संक्रांतीपासून माझा अडकित्ता तिने कपाटात कुलपात टाकलाय. चाळीस वर्षांचा सोबती आहे तो. माझ्या हाताला अजून सवय आहे, विचारात पडलो की हात आपोआप खिशात जातो आणि रिकामा बाहेर येतो.

१४ एप्रिल

तिकडे आज नवं वर्ष. मोहिनीने फोटो पाठवला. ती आणि कसुन दोघंही पांढऱ्या कपड्यात. बहुतेक शाळेचा गणवेश. मोहिनी गुडघे टेकून एका म्हाताऱ्या बाईला विड्याच्या पानांची जुडी देतेय. तिथं थोरामोठ्यांना पान देऊन पाया पडायची पद्धत आहे म्हणे. ती बाई कसुनची आई. तिने मोहिनीच्या डोक्यावर हात ठेवलाय आणि रडतेय. सणासुदीला माणसं हळवी होतात.

लंकाबाई तो फोटो फार वेळ बघत बसली. मग पदराने मोबाईलची काच पुसली. काच स्वच्छच होती.

३ मे

मोहिनी आली! रंग उन्हाने रापलाय, खांदे पैलवानासारखे झालेत, आणि हसते मात्र तशीच. मी मुंबईच्या विमानतळावर तासभर आधीच जाऊन थांबलो होतो. ती दिसली आणि मला 'कृपया इकडे लक्ष द्या' एवढंच म्हणता आलं.

सोबत कसुनही आहे. "त्याला आपला भाग बघायचाय," असं ती म्हणाली. त्याचाही सीझन बंद, बसून काय करणार बिचारा. आपण पाहुणचारात कमी पडायचं नाही. त्याने मला लाटांबद्दल एवढं सांगितलं, तर मीही त्याला आमच्याकडच्या सूचना दिल्या. मे महिन्यात अकरानंतर उन्हात फिरायचं नाही. दिवस मावळला की उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही, बिबट्याला वाटतं बकरूच आहे. मटणाचा रस्सा पहिल्या दिवशी वाटीभरच घ्यायचा. कोणी 'अजून थोडं' म्हटलं की हात ताटावर आडवा धरायचा, नुसतं 'नको' म्हणून भागत नाही.

शेवटची सूचना त्याने पाळली नाही. लंकाबाईने त्याला चार भाकरी वाढल्या. मला दोनच्या वर विचारत नाही.

६ मे

पहाटे घाटघरला जानकूच्या घरी गेलो आणि तिथून नाणेघाटावर. जानकू आता निवृत्तीनंतर गावीच असतो, भाताची खाचरं बघतो. कड्यावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण पसरलेलं. कोकणातून वर येणारा वारा तोंडावर आपटत होता. कसुन डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "समुद्राचा वारा आहे. पण इथून समुद्र का दिसत नाही?"

जानकू म्हणाला, "दिसत न्हाय पर हाय, पावणं. आमी पिढ्यान् पिढ्या त्याचंच पाणी पितो. तिकडनंच ढग येत्यात."

मोहिनीने याचा हिंदीत अर्थ सांगितला. सांगताना तिने कसुनची टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून धरून ठेवली होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "रविवारी बोरीची माणसं येणारेत." तिचं तोंड उतरलं.

"आप्पा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"रविवार होऊन जाऊ दे, मग निवांत सांग."

उगाच आत्ता नाही म्हणाली असती तर दिवस खराब झाला असता. जानकू परत येताना नुसता माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. उतारवय झालं की माणूस असाच हसतो.

१० मे

कसुनला नारायणगावच्या बाजारात विड्याची पानं हवी होती. चाळीस! डाग नसलेली, देठ शाबूत, एकेक पान उजेडाला धरून त्याने निवडलं. म्हणजे गडी आपल्यातलाच निघाला. मला इतका आनंद झाला की पानवाल्याला म्हटलं, "हा आमचा पाहुणा, नीट दे."

घरी आलो तर लंकाबाईने ती जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली आणि खुणेने त्याला काहीतरी सांगितलं. मी एक पान मागितलं. "उद्या," म्हणाली.

११ मे

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी लंकाबाईने कधी नव्हे ते स्वतःहून कपाट उघडलं आणि अडकित्ता माझ्या हातात दिला, वर एक आख्खी सुपारी. म्हणाली, "घ्या. पावण्यांत नुस्तं बसून तुमाला करमायचं न्हाय." मला भरून आलं. माझ्या मनावरचा ताण तिला दिसला असावा.

दहाला बोरीची मंडळी आली. भगवंतराव, अमृत, त्याचे मामा. आमच्याकडून चांगदेवनाना, जानकू आणि भावकीतले दोघं. पडवीत सतरंजीवर बसलो. पोहे आले. पाऊसपाणी, टोमॅटोचा भाव, चाकणची ट्रॅफिक, सगळं बोलून झालं. आता मोहिनीला बोलवायचं, एवढ्यात आतून कसुन आला. पांढरा सदरा, पांढरी लुंगी, ओंजळीत पानांची जुडी. सरळ माझ्यासमोर गुडघे टेकले, जुडी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि कपाळ माझ्या पायाला लावलं.

मला वाटलं, पाहुणा उद्या निघणार असेल, निरोप घेतोय. पाहुण्याने दिलेलं पान नाकारू नये. मी जुडी घेतली. वरचं पान हिरवंगार, थंडगार. चार महिन्यांचा उपास! हात खिशात गेला आणि या खेपेला रिकामा आला नाही. अडकित्त्यात सुपारी धरली. खट्. अर्धी मी तोंडात टाकली. समोर माणूस असताना एकट्याने खाणं बरं दिसत नाही, म्हणून अर्धी पानावर ठेवून कसुनच्या हातात दिली.

नानांनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि हात जोडून कपाळाला लावले.

"फुटली! पाच माणसांदेखत सुपारी फुटली. चला, पोरीचं झालं एकदाचं."

तोवर मला कळलंच नव्हतं मी काय केलं ते. आमच्याकडे लग्न ठरलं की चार माणसांत सुपारी फोडतात. एकदा फुटली की शब्द गेला. त्या सुपारीवर सोयरिकी तरल्यात, आणि शब्द फिरवणाऱ्याच्या दारात पुन्हा कोणी पाणी प्यायलेलं नाही. हे मीच आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

भगवंतराव उठले. "दादाभाऊ, पोरगा ठरलाच व्हता तर आमाला कशापायी बोलावलं? पव्हं खायाला?"

मला 'चूक झाली' म्हणायचं होतं. तोंडात सुपारी होती. मी मोहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, चौकट घट्ट धरून. लहानपणी पहिल्यांदा एसटीत एकटीला बसवून जुन्नरला पाठवली होती, तेव्हा खिडकीतून अशीच बघत होती. भीती होती, पण उतरायचं नव्हतं. आणि कसुन गुडघ्यावरच, अर्धी सुपारी हातात, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत. मग फोटोतले ते पांढरे कपडे, टोपी, त्या चार भाकरी, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. मी तीस वर्षं गाड्यांच्या पाट्या वाचल्या, आणि घरातली पाटी मला वाचता आली नाही.

राग आला. खोटं कशाला बोलू, फार आला. एवढ्या लांब! मधे समुद्र! माझा चहा थंडच काय, आटून जाईल. अंगातला सगळा जोर त्या 'नाही'च्या मागे उभा राहिला होता. आणि त्याच मुलाने सांगितलेलं आठवलं, ओढ लागली की सरळ किनाऱ्याकडे हात मारायचे नाहीत.

मी अंग सैल सोडलं. सुपारी गिळली. म्हटलं, "भगवंतराव, बसा. चूक माझी आहे, तुमच्या पायाशी माफी मागतो. पण फुटली ती फुटली."

मोहिनी तिथंच खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. लंकाबाई आत गेली, तिने मिक्सर लावला.

भगवंतराव फणफणत होते, जानकू त्यांना शांत करत होता. अमृत मात्र कसुनशेजारी सरकला आणि हळूच विचारलं, "भाऊ, उभं राहायला शिकायला किती दिवस लागत्यात?" चांगला मुलगा आहे. वाईट वाटतं.

१२ मे

नाना सकाळीच आले. "दादाभाऊ, पोराची जात काय ते इचारलं का?"

म्हटलं, "नाना, फुटली असं तुम्हीच आधी म्हणालात."

त्यांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. मग म्हणाले, "म्हनालो खरं." चहा घेऊन गेले.

दुपारी आंब्याखाली एकटा बसलो होतो. रडलो. मुलगी सुखात आहे म्हणून नव्हे, लांब जाणार म्हणून. कसुन आणि मोहिनी येऊन बसले. मी त्याला म्हटलं, "आमच्याकडे एकच गाडी होती रे. ती तुमच्या गावाला मुक्कामी."

त्याने मोहिनीकडे पाहिलं. मुक्कामी म्हणजे काय ते तिने त्याला समजावलं, रात्री गावात थांबते ती शेवटची गाडी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आप्पा, मुक्कामी गाडी सकाळी परत येतेच ना?"

तीस वर्षांत एकही मुक्कामी गाडी परत आली नाही असं झालेलं नाही. उशिरा आल्यात, चिखलात रुतून आल्यात, पण आल्यात.

२५ मे

लग्नाची तारीख पाहायला लोक पंचांग काढतात, मी लाटा काढल्या. ऑक्टोबरात पूर्वेचा सीझन संपतो आणि दक्षिणेचा सुरू व्हायचा असतो, तेवढ्या फटीत लग्न. मेची एक फेरी, ऑक्टोबरची एक. वर्षाला दोन फेऱ्या नक्की, असं कसुनकडून वदवून घेतलंय. गावातल्या निम्म्या लोकांना आता लंकेला जायचंय. टपरीवर सगळ्यांना बजावलं, अनवाणी खडकावर जायचं नाही, दुपारी पाण्यात उतरायचं नाही, आणि थोरामोठ्यांना पान द्यायचं पण सोबत अडकित्ता न्यायचा नाही.

अडकित्त्यावरून आठवलं. तो पुन्हा कपाटात गेलाय, कुलूप नवं. बाईमाणसाचा नेम नाही. अख्ख्या चार महिन्यांत एकच दिवस दिला, आणि दिला तोही नेमका त्या दिवशी. असं नशीब असतं एकेकाचं.

४ जून

काल दोघं गेली. घरात भाकरी पुन्हा दोनवर आली.

आज सकाळी टोमॅटोच्या भावाआधी मोबाईलवर हे पाहिलं, लिहून ठेवतो. अरुगम बे: लाट चार फुटांची, वारा मंद, पाणी स्वच्छ, नवख्यांनी सकाळीच उतरावं. मोहिनी सुखरूप घरी पोचली.

लिहून झाल्यावर पाहिलं, तर 'घरी' असं लिहिलंय. खोडायला पेन टेकवलं होतं. राहू दे.